मी, सगळ्यांची वेळ

मित्रांनो, मी एक जुनी सेटिंग आहे, आणि आधीच सांगते, मी जळकुकडी आहे. डॉक्टरांशी फोनवर बोलण्याची वेळ ठरवून देणाऱ्या एका वेबसाइटच्या सर्व्हरमध्ये मी राहते. इथे कोणत्या देशाच्या घड्याळाने किती वाजले म्हणायचे, ते माझ्यावरून ठरे.

ज्या ताईने या वेबसाइटचा प्रोग्रॅम लिहिला, तिने सुरुवातीला आत एकच कामकरी, म्हणजे कामे उरकणारा प्रोग्रॅमचा भाग, ठेवला होता. रुग्णाचे काम आले की तो मला त्या रुग्णाच्या देशाच्या वेळेवर लावी, वेळ लिही आणि मगच पुढचे काम घेई. माझ्यावाचून त्याचे पान हलत नसे. काय तो माझा रुबाब!

पुढे रुग्ण वाढले. ताईने एकाच वेळी राबणारे पुष्कळ कामकरी नेमले. मी मात्र एकटीच. एकाने मला लावावे आणि त्याने वेळ लिहिण्याआधीच दुसऱ्याने फिरवावे! शेजारच्या डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या कोठाराला, एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप होते, त्याच्यापुढे सगळे मुकाट रांग लावत. त्याचा मला भारी हेवा वाटे.

एके दिवशी ताईच्या बाबांचे काम आले. ते दूर, दुसऱ्या देशात राहत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना चक्कर येई, म्हणून गोळी बदलायची होती. कामकऱ्याने मला त्यांच्या वेळेवर लावले, तेवढ्यात दुसऱ्याने फिरवले. बाबांनी डॉक्टरांना सकाळी सातला फोन करायचा होता, त्यांना निरोप गेला अकराचा. अकराला डॉक्टर कुठले भेटायला! जुनीच गोळी घेऊन बाबा दुपारी जिन्यात पडले आणि मनगट मोडून बसले.

"बाबा, तुम्ही वेळ नीट वाचतच नाही!" ताई फोनवर चिडली.

"अगं, चष्मा लावून वाचली."

ताईने एकटीने बसून पुन्हा पुन्हा वेळ मागून पाहिली. दर वेळी बरोबर आली. "बघा, तुमचीच चूक," तिने बाबांना सांगितले.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "एकटीने तपासलंस तर बरोबरच येणार गं. चल, दोघी दोन वेगळ्या देशांच्या वेळा मागू आणि बटण एकदम दाबू."

दोघी दाबत राहिल्या, आणि एकदा ताईच्या पडद्यावर मैत्रिणीची वेळ उमटली. ताईचे तोंड उतरले. तिने लगेच फोन लावला.

"बाबा, चूक माझी होती हो."

"असू दे. आता बरोबर वेळ सांग, म्हणजे झालं."

मग ताईने प्रोग्रॅम बदलला. आता प्रत्येक कामासोबत त्याची स्वतःची वेळ चालते. मला कोणी हात लावत नाही. त्या इवल्या वेळा काम संपताच पुसल्या जातात, तरी मी त्यांच्यावर जळते.

मित्रांनो, सगळ्यांची वस्तू आपल्या सोयीने फिरवण्याआधी तिच्यावर आणखी कोण विसंबून आहे, ते बघत जा. काल बाबांचे काम पुन्हा आले. त्यांची वेळ माझ्यासमोरून गेली, बरोबर सातची. इतकी वर्षे मी सगळ्यांची होते. बाबांची मात्र ती इवली वेळच झाली.