घरात नवीन कोण आलंय?

सात महिने जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटरचं काम करून तो घरी परतला, तेव्हा त्याची मुलगी सव्वातीन वर्षांची झाली होती. जन्मदाखल्यावर तिचं नाव भारदस्त होतं, पण घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे. कारण ती दिवसभर काही ना काही उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत असायची. कधी चमचे, कधी चपला, कधी आईच्या पर्समधला कंगवा.

तो गेला तेव्हा मुंगी डायपरमध्ये होती. आता ती चड्डी घालत होती, शू लागली की आपली आपण पळत जात होती, आणि गेल्या दोन महिन्यांत तिची चड्डी एकदाही ओली झाली नव्हती. उरलेलं डायपरचं पाकीट आईने खालच्या मजल्यावरच्या बाळाला देऊन टाकलं होतं.

तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंगीने सोफ्यावर शू केली.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झाली. चौथ्या दिवशी दोनदा, त्यातली एक तर बाथरूमच्या दारात उभं राहून. आत जायला दोन पावलं उरली होती, पण ती दोन पावलं काही तिने टाकली नाहीत. आठवडा संपेपर्यंत बाल्कनीतली दोरी चिमुकल्या चड्ड्यांनी भरून गेली.

"दोन महिने कोरडी होती म्हणालीस ना?" त्याने विचारलं.

"होती," मुंगीची आई चिमटे लावता लावता म्हणाली. "मग काय, मी खोटं सांगितलं तुला?"

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. सकाळी नऊला जायची ती तीनला परत यायची. एरवी तेवढा वेळ मुंगी पाळणाघरात असायची, पण आता बाबाच घरी आहे म्हटल्यावर ते बंद केलं होतं. म्हणजे सकाळचे सहा तास मुंगी, तो आणि फरशी पुसायचं फडकं.

तो हाडाचा फिटर होता. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते सापडलंच पाहिजे, या हिशेबाने त्याची वीस वर्षं गेली होती. त्याने कागदावर रकाने आखले, फ्रिजवर चिकटवले आणि दर तासाला मुंगीला विचारायला सुरुवात केली.

"मुंगी, शू आली का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही."

दहा मिनिटांनी पडद्यामागे डबकं. मग त्याचा पारा चढायचा. "आत्ताच विचारलं ना मी? एवढी मोठी झालीस, सांगता येत नाही?" आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याचं त्यालाही कळत नसे. इंजिनरूममध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा ताणावा लागतो, आणि घरी आल्यावर तो घसा काही आपोआप सैल होत नाही. मुंगी ओठ घट्ट मिटून, ओल्या पायांनी भिंतीला चिकटून उभी राहायची.

त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच. येताना त्याने तिच्यासाठी एक खास गोष्ट आणली होती. मोठ्या कमोडवर बसवायची छोटी सीट, तिला जोडलेल्या दोन पायऱ्या, दोन्ही बाजूंना धरायला कड्या, आणि काम झालं की आपोआप वाजणारं गाणं. बंदराजवळच्या दुकानात ती दिसली तेव्हा त्याने किंमतसुद्धा विचारली नव्हती. आल्या आल्या त्याने ती बसवली आणि मुंगीचं जुनं, कडेला तडा गेलेलं पिवळं भांडं माळ्यावर टाकून दिलं. मुंगीने पहिल्या दिवशी एकदाच ते गाणं ऐकलं. त्यानंतर तिने त्या सीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात शीही थांबली. चार दिवस तिने शीच केली नाही. मग मात्र दोघं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी मुंगीचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली, अहवाल येईपर्यंत तिला एक रिकामा औषधाचा खोका दिला. मुंगीने तो लगेच या टेबलावरून त्या टेबलावर नेला.

"लघवीत काही दोष नाही," अहवाल बघून बाई म्हणाल्या. "पोटात थोडा खडा धरलाय, त्याचं औषध देते. भरपूर पाणी पाजा, फळं द्या. बाकी मुलगी ठणठणीत आहे. घरात इतक्यात काही बदललंय का?"

"काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही," आईही म्हणाली.

"झोपते कुठे?"

"आधी माझ्याजवळ झोपायची," आई म्हणाली. "आता हा आल्यापासून तिच्या छोट्या पलंगावर."

"दिवसा कुठे असते?"

"आधी पाळणाघरात. आता याच्याजवळ."

"आणि बसायची कशावर?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. "भांड्यावर. ते आता माळ्यावर आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हसू आलं असावं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "म्हणजे तिचं झोपायचं ठिकाण बदललं, दिवसाची माणसं बदलली, भांडं गेलं. आणि घरात एक नवीन माणूस आला."

"मी नवीन नाही, बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा चढला होता. "मी बाप आहे तिचा."

"तुमच्या लेखी," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या वयात सात महिने म्हणजे किती, सांगा बरं. तिचं पाव आयुष्यसुद्धा नाही, असं वाटेल तुम्हाला. पण तिला आठवतं तेवढ्या आयुष्यातलं जवळजवळ सगळंच. ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिला फक्त सगळं एकदम झालंय. आपल्या हातात काय आहे, हे ती बघतेय, आणि तिच्या हातात एवढीच एक गोष्ट आहे."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. दर तासाला विचारणं बंद. उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर निघण्याआधी आणि झोपण्याआधी तेवढं भांड्यावर बसवायचं, तेही पाच मिनिटं. झालं तर छान, नाही झालं तर उठायचं. चड्डी ओली झाली तर आरडाओरडा नाही, लाज वाटेल असं बोलणं नाही, आणि उगाच कौतुकाचे ढोलही नाहीत. "बदलायला तिची मदत घ्या, शिक्षा म्हणून नाही, काम म्हणून. किती दिवस लागतील ते मला विचारू नका. लागतील तेवढे."

दोघं मुंगीला घेऊन घरी परतले. दार उघडताच चपला न काढता त्याने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पिवळं भांडं खाली काढलं. तडा गेलेल्या कडेवर त्याने कानस फिरवली, टोचणार नाही अशी गुळगुळीत केली आणि भांडं पूर्वीच्या जागी, बादलीच्या शेजारी ठेवून दिलं. फ्रिजवरचा कागदही काढला. मुंगी दाराआडून हे सगळं बघत होती. त्याने तिला काहीच विचारलं नाही. विचारायचं नाही, हे विचारण्यापेक्षा किती अवघड आहे, ते त्याला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी औषध लागू पडलं. भांड्यावर बसून मुंगीने एकदाची शी केली.

"माझा जीव भांड्यात पडला," आई म्हणाली.

"एकटा तुझाच नाही," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं एकत्र हसले.

शू मात्र चालूच राहिली. एक दिवस कोरडा, दोन ओले.

अशातच त्याला कंपनीच्या कागदपत्रांसाठी फोटो काढायचे होते. मुंगीला घेऊन तो कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेला. आत गर्दी होती. नंबर येईपर्यंत तो बाकावर बसला आणि मुंगी, का कोण जाणे, आपण होऊन त्याच्या मांडीवर चढली. तो आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी बसली होती. तो हलेना, बोलेना. खिडकीवर फुलपाखरू येऊन बसलं की माणूस बसतो तसा बसून राहिला.

आणि मांडीवर गरम गरम ओल पसरत गेली.

समोरच्या बाईंनी मान वळवली. एका म्हाताऱ्याने पाय आत घेतले. त्याच्या घशाशी आवाज आला होता. पण मांडीवरची मुंगी आधीच आक्रसून गेली होती, खांदे कानापर्यंत वर घेऊन, ओठ मिटून. हा आवाज कुठे जाऊन लागतो ते त्याला पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं. त्याने तो गिळला.

"झाली का?" तो तिच्या कानाजवळ, अगदी हळू म्हणाला. "असू दे. घरी जाऊन बदलू आपण दोघं."

तेवढ्यात फोटोग्राफरने हाक मारली. तो ओशाळून उभा राहिला. फोटोग्राफरने त्याच्या पँटकडे पाहिलं, मग मुंगीकडे.

"साहेब, फोटो छातीपर्यंतच येतो," तो म्हणाला. "खालचं जगाला कळत नाही. बसा बिनधास्त. बाक मी पुसतो, मलाही दोन आहेत."

ओल्या पँटने स्टुलावर बसून त्याने गंभीर चेहऱ्याचा फोटो काढून घेतला. मग दोघं हातात हात घालून घरी निघाले.

"बाबा," वाटेत मुंगीने त्याची पँट निरखून पाहत विचारलं, "तुझी पण शू झाली?"

"हो. पण सगळी तुझीच आहे."

मुंगी थांबली. आधी तिला ते नीट कळलं नाही. मग कळलं, आणि ती इतकी हसली की रस्त्यात खालीच बसली.

घरी दोघांनी बाथरूममध्ये बादली भरली. तो पँट घासत होता, ती चड्डी. साबण अंगावरच जास्त उडत होता.

"मी पहिल्यांदा जहाजावर गेलो ना," तो म्हणाला, "तेव्हा जहाज इतकं हलायचं की मला उठताच आलं नाही. अंथरुणातच उलटी झाली, आणि शीसुद्धा."

मुंगीचा हात थांबला. "तू बाळ होतास?"

"नाही गं. चांगला मिशीवाला होतो."

"मग तुला कोण रागावलं?"

"कुणीच नाही. आमच्या स्वयंपाकीकाकांनी चादर उचलली, धुतली, वाळत घातली आणि मला चहा आणून दिला. बस्स."

मुंगीने त्यावर बराच विचार केला. मग चड्डी पिळायला त्याच्या हातात दिली.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं, असं नाही. पाळणाघर पुन्हा अर्धा दिवस सुरू केलं. तिचा छोटा पलंग ओढून मोठ्या पलंगाला लावला. कोरडे दिवस हळूहळू वाढले, मधेच एखादा सोमवार सगळ्यावर पाणी फिरवून जायचा. तो मोजत नव्हता. निदान मोजत नाही असं दाखवत होता.

एका दुपारी मुंगीची आई कामावरून येऊन नुकती टेकली होती. आतून नेहमीची हाक आली, "झालंऽऽ!" आई उठली. सवयीने दोन पावलं गेलीही.

"आई नको," आतून हुकूम आला. "बाबा."

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. वीस वर्षांत त्याने तेलाच्या टाक्या साफ केल्या होत्या, तुंबलेले पंप मोकळे केले होते, पण कुणी एवढ्या भरवशाने कामाला बोलावल्याचं त्याला आठवत नव्हतं. बाह्या वर करून तो आत गेला. आई दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली. विचारल्यावर म्हणाली, दुकानात दिवसभर धूळ असते.

पुढच्याच महिन्यात त्याचं बोलावणं आलं. या वेळी त्याने मागच्यासारखी बॅग लपवून भरली नाही. मुंगीला शेजारी बसवून भरली, किती दिवसांनी परत येणार ते सांगितलं, मोजे कुठे ठेवायचे तेही तिलाच ठरवू दिलं. ती काही रडली नाही. उलट त्याचे सगळे मोजे पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले.

आठवड्याभराने त्याला बायकोचा मेसेज मिळाला. "आज तीनदा. कालही तेवढंच. तू गेल्यामुळे आहे हे."

पूर्वीचा तो असता तर कधी, कुठे, किती वाजता, सगळं विचारलं असतं. त्याने लिहिलं, "होईल काही दिवस. रागावू नकोस. आणि तूही दमू नकोस. रविवारी तुझ्या ताईला बोलाव, जरा झोप."

बायकोचं उत्तर आलं, "बरं."

त्यानंतरचा मेसेज पाच-सहा दिवसांनी आला. तो चांगला लांबलचक होता. मुंगीला लाल बूट हवे आहेत, मुंगीने शेजारच्यांच्या किल्ल्या उचलून आणल्या, मुंगीला थोडा खोकला आहे. चहाच्या सुट्टीत त्याने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आलं, शूबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. त्याने कप धुऊन जागेवर ठेवला आणि बुटांचं माप विचारायला फोन हातात घेतला.