ओरखडा माझा नव्हता

मी दगड बोलतोय. ‘दगडासारखा गप्प काय बसलास?’ असं तुम्ही एकमेकांना विचारता ना, तोच मी. गप्प बसायची हौस नाही हो मला. तोंडच नाही.

माझा जन्म डोंगराच्या पोटात झाला. तिथून नदीने ओढून नेलं, पुढे समुद्राने किती वर्षं घोळवलं त्याची गणती नाही. कोपरे झिजले, अंग गुळगुळीत झालं. मुठीएवढा, हिरवट असा मी ओल्या वाळूत पडलो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्याला माझी ठेच लागली.

तो चष्मेवाला होता. चाळीस वर्षं लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या आणि आता त्याच्याच डोळ्यांपुढे धुकं. त्याने मला हातात तोललं, गालाला लावलं.

“गार आहेस की! आणि आकाराच्या मानाने जड. अरे, तू तर जेड!”

मी जेडच आहे, दागिन्यांत बसवतात तो मौल्यवान हिरवा दगड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला ओळखलं. आनंदाने रडलो असतो, पण तीही सोय नाही. वाटेभर तो मला दुकानातल्या गोष्टी सांगत होता. गिऱ्हाइकांना म्हणे तो बजावायचा, “ओरखडा डोळ्यांनी नाही, नखाने बघायचा.”

घरी त्याची लेक सामान बांधत होती. बापाला ती आपल्या शहरात न्यायला आली होती. त्याच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला होता, तेव्हा तिची काळजी खोटी नव्हती. पण म्हाताऱ्याचा जीव त्या दोन खोल्यांत आणि खिडकीपाशी ठेवलेल्या काचा घासायच्या यंत्रात अडकलेला.

“हा जेड आहे,” तो म्हणाला.

“बाबा, मागच्या आठवड्यात बाटलीचा तुकडा आणून तुम्ही त्याला पाचू म्हणालात.”

“तो डोळ्यांनी पाहिला होता. हा हातांनी पाहिलाय. लाव पैज! जेड निघाला तर मी इथंच राहणार. साधा दगड निघाला, तर तोंडातून ब्र न काढता तुझ्याबरोबर येतो.”

लेकीने मोबाइलवर शोधलं. चाकूने ओरखडा उठला तर तो जेड नव्हे, असं तिथे लिहिलं होतं. तिने स्वयंपाकघरातला चाकू आणला आणि जोर लावून माझ्या पाठीवर ओढला. माझं काही वाकडं झालं नाही. उलट चाकूच झिजला आणि त्याच्या पोलादाची करडी रेघ माझ्या पाठीवर राहिली.

“बघा, उठला ओरखडा.”

अहो, तो ओरखडा माझा नव्हता! नुसतं नख फिरवायचं होतं. पण म्हाताऱ्याने डोळे बारीक केले, त्याला रेघ दिसली आणि त्याने मान खाली घातली.

“माझं आता काही खरं नाही,” तो पुटपुटला. ते ऐकून लेकीचेही डोळे भरून आले. मी आतल्या आत किंचाळत होतो, पण दगडाचं ऐकतंय कोण?

घर विकलं गेलं, यंत्र भंगारवाल्याने नेलं. मला मात्र म्हाताऱ्याने कपड्यांत गुंडाळून सोबत आणलं. इथे लेकीच्या घरी आठव्या मजल्यावर वारा फार, म्हणून मी दाराला टेकण झालो. ‘वृद्धाश्रमापेक्षा बरं, दगडापेक्षा वीट मऊ,’ असं तो फोनवर मित्राला सांगत होता. ती म्हण मला मुळीच आवडत नाही.

परवा दुपारी त्याने मला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसलं. सवयीने त्याचं नख माझ्या पाठीवरून गेलं आणि थांबलं. पुन्हा फिरलं. खाच नव्हतीच. त्याने फडकं खसाखसा घासलं, तशी रेघ निघून आली. फडक्यावरचा करडा डाग डोळ्यांपाशी धरून तो कितीतरी वेळ बसून राहिला.

“काय झालं, बाबा?” आतून लेकीने विचारलं.

सांग रे, सांग तिला! पैज तू जिंकलास!

“काही नाही गं. दार आपटत होतं.”

त्याने मला पुन्हा दाराशी ठेवलं.

तुम्हाला हात जोडता येतात, मला तेही येत नाही. तरी विनवतो, कुणावर ओरखडा दिसला तर निकाल देण्याआधी एकदा बोट फिरवून पाहा. आता रोज दुपारी आम्ही दोघं दाराशी बसतो. एकाला तोंड नाही, आणि दुसरा बोलत नाही.