मास्तरची भूल

सासूबाईंच्या कुत्र्याचं नाव मास्तर. येणाऱ्याजाणाऱ्याकडे तो चष्म्यावरून बघितल्यासारखा बघायचा आणि माणूस पसंत पडला नाही की मान फिरवायचा, म्हणून मास्तर. आता तोंड पांढरं झालं होतं, गुडघे धरले होते आणि हृदयात कुरकुर ऐकू यायची. सून जनावरांची डॉक्टर. त्याचा ताप, त्याचं पोट सगळं तीच बघायची, पण त्याच्यावर सुरी चालवायची वेळ आपल्यावर येऊ नये, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या सकाळी ती वेळ आलीच. मास्तर उठेना. तिनं ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, तर त्या पार पांढऱ्याफटक. दवाखान्यात सोनोग्राफी केली. प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साचत होतं. तिच्या जोडीचा सर्जन गावाला गेलेला. दुसरीकडे न्यायचं तर वाटेतच सगळं आटोपलं असतं.

तिनं सासूबाईंना काही न लपवता सांगितलं. भूल दिली तर या हृदयाला झेपेलच असं नाही. नाही दिली तर संध्याकाळ दिसणार नाही. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

“मला काही विचारत बसू नकोस,” त्या म्हणाल्या. “टेबलावर त्याला संपवायचं नाही. जिवंत माझ्या हातात दे.”

नवऱ्याचा फोन आला, त्याचं वेगळंच. काही वाईट निघालं तर आईला आज सांगू नकोस, तिला सहन होणार नाही, असं बजावून त्यानं फोन ठेवला. दोघांनी मिळून तिला कात्रीत पकडलं होतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

आधी ऑक्सिजन दिला, मग थेंबाथेंबानं भुलीचं औषध, मग श्वासनलिकेत नळी. भुलीत कुत्र्याचे डोळे मिटत नाहीत, म्हणून मदतनीस बाईनं त्यात मलम घातलं. तरी तो बघतोय असंच सुनेला वाटत राहिलं. तिनं त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायला लावलं आणि पोट उघडलं.

“ताई, प्रेशर उतरतंय,” मदतनीस बाई म्हणाली.

भुलीचा गॅस कमी केला तर तो टेबलावर जागा होणार, आहे तसा ठेवला तर हृदय दम सोडणार. सून म्हणाली, थोडा कमी कर, सलाईन वाढव. हात भराभर चालले. शिरा बांधल्या, प्लीहा बाहेर आली, रक्त थांबलं. प्रेशर सावरलं. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि सवयीनं यकृतावरून बोट फिरवलं.

बोटाला दाणे लागले. एक नव्हे, जिकडेतिकडे.

मदतनीस बाईला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिचा हात गॅसच्या बटणाशी थबकला. अशा वेळी बाहेर जाऊन मालकाला विचारायचं, उठवू की नको. कुत्रा झोपेत असतो, त्याला काही कळत नाही. दर वेळी सून हेच करायची. आज मालकीण दाराबाहेरच्या बाकावर बसली होती आणि विचारू नकोस म्हणाली होती. सून तशीच उभी राहिली. मग तिनं टाके घालायला घेतले.

मास्तर शुद्धीवर येताना कण्हत होता. सासूबाई पिंजऱ्यापुढे फरशीवर बसल्या आणि त्यांनी हात आत सरकवला. त्यानं त्यावर डोकं टाकलं. सून शेजारी उकिडवी बसली आणि तिनं सांगून टाकलं. कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. फार तर काही आठवडे.

सासूबाईंनी दुसऱ्या हातानं पिंजऱ्याची सळई धरली.

“मग उठवलंस कशाला?”

तुम्हीच म्हणालात, हे अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

“घाबरले, आई,” ती म्हणाली. “तुम्हाला घाबरले.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. हाताला मुंग्या आल्यात, पण काढला तर हा उठेल, एवढंच त्या पुटपुटल्या. सुनेनं टॉवेलची गुंडाळी करून त्यांच्या कोपराखाली सरकवली.

मास्तर घरी आला. जेवू लागला, लोकांकडे बघून मानही फिरवू लागला. सून संध्याकाळी दवाखान्यातून सुटायची ती दुसऱ्या ड्युटीवरच. किल्ली दारात फिरायच्या आत सासूबाईंचा आवाज यायचा, आधी त्याला बघ. चप्पल न काढताच ती त्याचं पोट दाबून बघायची. आज कसा आहे, याचं उत्तर रोज द्यावं लागायचं आणि खोटं बोलता यायचं नाही. आईला सांगितलं म्हणून नवरा अबोला धरून बसला होता. दुसरं काही बोलणं घरात उरलंच नव्हतं.

एका दुपारी हिरड्या पुन्हा पांढऱ्या पडल्या. सासूबाईंनी तिला फोन करून बोलावून घेतलं. ती आली तेव्हा मास्तरचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

“कर आता,” त्या म्हणाल्या.

तिनं पायाचे केस कापले, शीर शोधली, आधी भूल दिली. तो गाढ झोपल्यावर तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग तिनं दुसरं इंजेक्शन दिलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून, काही हलेनासं होईपर्यंत तशीच बसून राहिली.