सासूची साक्ष

लेकाचं वागणं बघून म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. बायको छाती धरून जिन्यात बसते, आणि हा शहाणा गिऱ्हाइकांना हसत सांगतो, "अँजिओग्राफी केली, नळ्या आरशासारख्या स्वच्छ! सगळे मनाचे खेळ."

लाँड्री म्हातारीनेच उभी केलेली. खाली धुलाई, वर गच्चीत वाळवण. ओल्या चादरींची टोपली सून वर न्यायची. हल्ली ती जिन्याच्या वळणावर टोपली कठड्याला टेकवायची आणि चादरींच्या घड्या नीट केल्यासारखं करत उभी राहायची. ओल्या चादरींना कसल्या आल्यात घड्या!

म्हातारीने ते बरोबर टिपलं होतं. सुनेच्या चुका काढणं हा तिचा रोजचा खुराक. दार उघडं राहिलं, मीठ कमी पडलं, काही सुटायचं नाही. पण इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसूनही अंगचोरपणा कधी सापडला नव्हता. सापडता, तर तिनेच आधी गाव गोळा केलं असतं.

"चप्पल घाल. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचंय."

"राहू द्या आई. हे म्हणतात तसं असेलही."

"त्याला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, तुझं दुखणं काय सापडणार?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आजी, नळ्या मोकळ्या असूनही दुखू शकतं. रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. हृदयाचं काम वाढलं, की ते नळीला सैल करतं. ते अस्तरच बिघडलं, तर नळी सैल होत नाही, कधी उलट आवळते. मग हृदयाला रक्त पुरत नाही. तुंबलेलं काही नसतं, म्हणून नेहमीच्या तपासणीत दिसत नाही."

"मग दिसणार कशात?"

"हृदयाच्या नळीत जरासं औषध सोडून बघू. अस्तर धड असेल, तर नळी रुंदावते."

तपासणीच्या दिवशी लेकही आला, तोंड वाकडं करून. तपासणी संपून आतल्या खोलीचं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई त्याच्याकडेच वळल्या. "औषध सोडलं, तर नळी आवळली. पडद्यावर आम्ही बघतोय, आणि तेवढ्यात या म्हणाल्या, 'हेच! हेच ते दुखणं!' नळी लगेच मोकळी केली. आता गोळ्या, रोजचं चालणं, आणि ब्लडप्रेशर ताब्यात. ओझं तूर्तास बंद."

सून खाटेवर पडल्या पडल्या हसत होती. "आई, खरं निघालं हो!"

आजार निघाला म्हणून इतकं हरखलेलं माणूस म्हातारीने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तिची स्वतःची मान? निवडणूक जिंकल्यासारखी ताठ!

टोपली लेकाच्या गळ्यात पडली. गोळ्या लागू पडल्या, चालणं अंगवळणी पडलं, आणि एके सकाळी सून हातात चिमट्यांची पिशवी घेऊन जिना चढली. वळण आलं, गेलं, ती थांबली नाही. वळणावर लेक उभा होता, धापा टाकत. टोपली कठड्यावर टेकवून चादरी सारख्या करत होता.

म्हातारीने खालून आवाज टाकला, "काय रे, मनाचे खेळ का? ओल्या चादरींना घड्या नसतात! आणि कान उघडे ठेवून ऐक. या घरात सुनेच्या चुका काढायचा मक्ता माझा एकटीचा. मी सांगते, ती दुखतं म्हणाली की दुखतं. उचल टोपली!"