माझा आवाज झाकायच्या जागा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ढब्बू म्हणतात. नाव ढब्बू, अंगावर मात्र मूठभर मांस नाही. तो गाण्यांचं मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र असे बसवतो की कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. आणि मी गाते. गात होते म्हणा. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर जो आवाज परत आला तो माझा नव्हताच. खालच्या सुरात खरखर, आणि वर चढले की फाटायचा, जुनी चादर फाटावी तसा.

तरी ढब्बू हात धुऊन मागे लागला. त्याने वाट बघणाऱ्या बाईचं एक गाणं रचलं होतं, आणि त्याला ताईचाच आवाज हवा होता. हो-नाही करता करता मी गायले. शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे, ‘दिवा ठेवलाय, उशीर झाला तरी ये’. त्यातला ‘ये’ अख्ख्या गाण्यात सगळ्यात उंच. तिथे आवाज फाटला. पुन्हा पुन्हा गायले, दर वेळी फाटला. शेवटी मी हेडफोन काढून ठेवला आणि ढब्बूला सांगून टाकलं, हा ‘ये’ झाकता आला तर ठीक, नाहीतर हे गाणं दुसऱ्या कुणाकडून गाऊन घे, आणि यापुढे मला गा म्हणून म्हणायचं नाही. रागात नव्हते मी. ठरवून बोलले होते.

तो राहतो दुसऱ्या गावात, त्यामुळे आमचं पुढचं काम कॉम्प्युटरवर चालतं. पडद्यावर गाण्याची उंचसखल रेघ दिसते. रेघेवर जिथे बोट ठेवू तिथे चिठ्ठी चिकटवता येते, मिनिट-सेकंदासकट. पहिल्या खेपेला माझ्या चिठ्ठ्या वाचून या शहाण्याने भलतंच काहीतरी करून पाठवलं. वर म्हणतो, मला वाटलं असं जास्त बरं वाटेल! मी त्याची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. म्हटलं, तुझी अक्कल ठेव गहाण. जिथे लिहिलंय तिथे, आणि जे लिहिलंय तेच करायचं. त्याने मुकाट्याने बरं म्हटलं. दाढीमिशा आल्या तरी मला अजून टरकून असतो.

मग त्याने जरा नीट जुळवून दुसरं मिक्स पाठवलं आणि मी पुन्हा चिठ्ठ्या लावल्या. त्या ओळीच्या आधी थोडी मोकळी जागा आहे, तिथे लिहिलं, ‘इथे सगळी वाद्यं बंद. एका ओळीपुरती शांतता.’ आणि ओळ सुरू होते तिथे लिहिलं, ‘इथे व्हायोलिनं एकदम भरून आण.’ आधी शांतता, मग असा लोंढा की ‘ये’ फाटला काय आणि न फाटला काय, कुणाच्या बापाला कळणार नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी नवीन मिक्स आलं. नवरा समोरच बसला होता. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि रविवारीसुद्धा तो कुणाची ना कुणाची तुटकी काडी घेऊन बसतो. सुरांशी त्याचा छत्तीसचा आकडा. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक गाण्याला ‘छान’ म्हणत आलाय, तेही मान वर न करता. मी स्पीकर लावला.

शेवटचं कडवं आलं. शांततेची जागा आली आणि गेली, वाद्यं आपली चाललीच आहेत. माझं डोकं तापलं. एवढं स्पष्ट लिहूनही ऐकत नाही म्हणजे काय? फोनकडे हात गेला, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. पियानो नाही, ढोल नाही, काही नाही. नुसती मी. ‘दिवा ठेवलाय’, आणि त्यातली खरखर, ओढलेला श्वास, जिभेचा टाळूला झालेला स्पर्श, सगळं उघडं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. स्पीकर बंद करायला उठले, पण उशीर झाला होता. ‘ये’ वर गेला आणि फाटला.

आणि मी उभीच राहिले. त्या फाटण्यात ती बाई होती. गाण्यातली, रात्रभर जागी राहिलेली, हाक मारून मारून घसा बसलेली. माझा जुना आवाज सुरेल होता, पण त्याने जन्मात कधी कुणाची वाट बघितली नव्हती. या आवाजाने बघितली होती. मग ओळ संपल्यावर, जिथे मी काहीच मागितलं नव्हतं तिथे, व्हायोलिनं भरून आली, जसं काही ती हाक ऐकून कुणीतरी खरंच आलं. एवढं सुंदर काही माझ्या गळ्यातून निघू शकतं, यावर माझाच विश्वास बसेना.

नवऱ्याच्या हातातला स्क्रू खाली पडला होता. तो छान म्हणाला नाही. मान वर करून म्हणाला, “पुन्हा लाव.”

पुन्हा लावणार तोच ढब्बूचा फोन. म्हणे, झाकायचा हट्ट सोडून, सगळं काढून टाकून तिथे नुसता आवाज ठेवायचा, हे धाडस तुला सुचलं कसं? तुझ्या चिठ्ठीप्रमाणे केलं, ऐकलं आणि रडलो. तू काय चीज आहेस, ताई! आता मात्र मला काही कळेना. मी म्हटलं, अरे गाढवा, मी तर बरोब्बर उलटं लिहिलं होतं. दोघंही आपापल्या जागी रेघेकडे बघत बसलो. मग माझ्या लक्षात आलं की गाण्याच्या सुरुवातीची टकटक या वेळी ऐकू आली नव्हती. वादकांना ताल कळावा म्हणून असते ती, मागच्या मिक्समध्ये होती. ती काय केलीस म्हणून विचारलं.

मग तो हळूच म्हणाला की आधी ती कापून टाकली आणि नंतर चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. गाणं तेवढं आधी सुरू झालं, चिठ्ठ्यांवरची वेळ मात्र जुनीच राहिली. माझी प्रत्येक सूचना एक ओळ उशिरा पडली होती. आणि मीच अक्कल गहाण ठेवायला सांगितल्यामुळे त्याने जसंच्या तसं केलं होतं.

“म्हणजे हे तुला सुचलेलं नव्हतं?”

“नाही. आणि तुलाही नाही.”

मग बिचारा ओशाळून म्हणाला, तासाभरात दुरुस्त करतो, तुला हवा तसा झाकून देतो.

“ढब्बू, हात लावलास तर तंगडं मोडीन.”

मी त्या ‘ये’वर बोट ठेवून नवीन चिठ्ठी लावली, ‘हे असंच.’ दुधाने पोळलेला तो, त्याने मला दोनदा विचारलं की खूण नक्की याच मिक्सवर आणि याच जागी आहे ना. मी पुन्हा ऐकून खात्री केली. आहे म्हटलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की आणखी काही नवीन रचलंयस का. तो अडखळला. आहे एक, म्हणाला, पण ते गाणार कोण?

“कोण म्हणजे काय? मी गाणार.”