टाळांची जोडी

“बाबा, ओटीपी आला का?”

“आला.”

“सांगा मग.”

दिनानाथांनी मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकला. “आधी दाखव, काय काय भरलंस ते.”

गीतांजलीने कपाळाला हात लावला. शिक्षक भरतीच्या पोर्टलवर पसंतीक्रम लॉक करायची आजची संध्याकाळ शेवटची. फॉर्म भरला तेव्हा तिचा फोन बंद पडला होता, म्हणून तिने सासऱ्यांचा नंबर दिला. तेव्हापासून सरकारचा प्रत्येक निरोप दिनानाथांच्या खिशात येत होता.

माणूस सरकारी शाळेत शिक्षक होतो तरी कसा, याचं त्यांना भारी कुतूहल. ते स्वतः तळोज्याच्या कारखान्यात एका चिठ्ठीवर चिकटले होते. सून डी.एड. झाली तेव्हा त्यांनी कामोठ्याच्या देवळात पेढे वाटले. मग कळलं, पात्रता परीक्षा आहे. तिसऱ्या खेपेला ती सुटली, पुन्हा पेढे. मग कळलं, अभियोग्यता चाचणी आहे आणि तिच्या गुणांवर सगळं.

“हे कीर्तनासारखंच की गं,” ते म्हणाले होते. “संपलं म्हणून चपला शोधायला उठावं, तर बुवा नवा दृष्टांत काढतात.”

चाचणीच्या पेढ्यांच्या वेळी शेजारचे टाळकरी शहाजी म्हणाले, “दिनानाथ, सून मास्तरीण होवो न होवो, आमची शुगर मात्र पास झाली.”

आता दिनानाथ चष्मा लावून लॅपटॉपवर वाकले. “नवी मुंबई, रायगड, ठाणे. बास? परवा वरदला सांगत होतीस, नंदुरबारला जागा जास्त आहेत, तुझ्या मार्कांत बसतं म्हणून.”

“लांब आहे, बाबा. मनस्वीची शाळा, तुमच्या गोळ्या. कोण बघणार?”

“मी आजोबा आणि वरद बाप, आम्ही काय पाहुणे आहोत घरात?”

“इथं लागलं तर लागलं.”

“आणि नाही लागलं तर?”

पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटणार होतं. मग जन्मभर खारघरच्या बालवाडीत ‘हेल्पर टीचर’. रोज संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात ती मुलं जमवायची, दिनानाथांचे टाळ घेऊन पाढे म्हणून घ्यायची. सातच्या पाढ्याला अडखळणारं पोरही तालावर बरोबर त्रेसष्टला पोचायचं. दिनानाथ दाराआड उभे राहून ऐकायचे.

“बाबा, सांगा ना! दहा मिनिटांत ओटीपी मरतो.”

“मरू दे. दुसरा मागव. सरकारकडे काय तोटा आहे?” मग आवाज उतरवून म्हणाले, “आपल्याच आळीत कीर्तन करीन म्हणणारा बुवा पाहिलायस कधी?”

पहिला ओटीपी मेला. गीतांजलीने पसंतीची यादी पुन्हा उघडली. मग तिने नंदुरबार घातलं आणि दुसरा मागवला.

दिनानाथांनी एकेक आकडा सावकाश वाचला.

यादी लागली. नंदुरबार.

“आता झालीस ना मास्तरीण?”

“कागद तपासायचेत अजून.”

या वेळी त्यांनी पेढे आणले नाहीत. नेमणुकीचा आदेश हातात आला, शाळा धडगावच्या डोंगरात निघाली. गीतांजली निघाली त्या सकाळी दिनानाथांनी आपले टाळ उपरण्यात गुंडाळून तिच्या पिशवीत तळाशी ठेवले.

“अहो बाबा, हे कशाला? एकादशीला काय वाजवाल?”

“तिथली पोरं घरी वेगळी भाषा बोलतात म्हणे. तुझं बोलणं कळायला वेळ लागेल. ताल पहिल्या दिवशी कळेल.”

एकादशीला देवळात कीर्तन होतं. दिनानाथांनी पेढ्यांचा पुडा शहाजींपुढे धरला.

“झाली एकदाची?”

“झाली.”

“आणि टाळ कुठायत तुझे?”

“नोकरीला लागले.”

बुवांनी अभंग उचलला, टाळकरी उभे राहिले. दिनानाथही ओळीत आपल्या जागी उभे राहिले आणि त्यांनी रिकाम्या तळहातांनी ताल धरला.