वन्संना न सांगितलेलं

नाळ कापून झाली, पोर रडलं, तरी काय झालं ते चंद्राबाई सांगेना. बाहेर पडवीत तिची नणंद रंगूबाई पितळी ताट आणि पळी घेऊन बसली होती. मुलगा झाला तर ताट वाजवायचं, मुलगी झाली तर गुपचूप चुलीपाशी ठेवून द्यायचं.

"चंद्रा, आगं काय झालं ते सांगशील का न्हाई? का आतच बारसं उरकून भाईर येणार?"

चंद्राबाई गावची सुईण. सरकारी दवाखान्यात महिनाभर शिकून, तिथली पत्र्याची पेटी घेऊन आलेली. इस्लामपूरच्या अलीकडच्या त्या गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. पायाळू, जुळं, मेलेलं, जे असेल ते ती दारात येऊन सरळ सांगे. "झाकून काय हुणार?" असं म्हणे आणि हात धुवायला जाई. आज पोटच्या पोरीचं, कौसल्येचं पहिलं बाळंतपण होतं, आणि ती दाराकडे फिरकलीच नव्हती.

शेवटी बाजेवरून कौसल्याच म्हणाली, "आत्ती, मुलगा झालाय."

ताट दणाणलं.

रंगूबाई कौसल्येची आत्या. दोन वर्षांपूर्वी सासू झाली. तिचा मानसिंग कोयनानगरला वीजघरात नोकरीला. त्याच्यासाठी तिनं भावाची पोर मागितली. मामाची मुलगी हक्काची. पत्रिका बघायची नाही, घराणं विचारायचं नाही. विचारलं असतं तर, हा प्रश्न चंद्राबाई दोन वर्षं गिळून बसली होती.

तिचा थोरला सिद्धू तीन वर्षांचा असताना गेला. मानेला गाठी आल्या, ताप चढला, आठ दिवसांत संपलं. धाकटा अर्जुना सात वर्षांचा झाला तेव्हा सगळे म्हणाले, हा आता वाचला. त्याचं पोट फुगायला लागलं ते शहात्तर साली. नवरा, नाथाजी, पलटणीत होता. रजा मिळाली नाही. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात चंद्राबाई चाळीस दिवस एकटी राहिली.

तिथला तरुण डॉक्टर आजाराचं सोडून तिच्या माहेरचंच विचारत बसे. भाऊ किती? चार. हयात? एकटा बाळासो. बाकीचे कशानं गेले, केवढे असताना? आईचे भाऊ? त्यातलेही दोन लहानपणीच गेलेले. माहेरी सगळे म्हणत, ओली बाळंतीण असताना मेलेली कुणी सवत त्या घरातले मुलगे मागते. तिच्या नावानं कोंबडी सोडून झाली, लुगडं नेसवून झालं. डॉक्टरनं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कुणाचा कोप नाही बाई. हे आईकडून येतं. बायकांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या एखाद्या मुलाच्या रक्तात रोगाशी झुंजायचं बळच नसतं. थुंकीतून पसरणारा एक विषाणू असतो. तो सगळ्यांनाच होऊन जातो, कळतही नाही. या मुलांना मात्र तो सोडत नाही. एखादं तापात जातं, एखाद्याला अशा गाठी होतात. अमेरिकेत आत्ता कुठं असं एक घर सापडलंय."

मग त्यानं विचारलं, घरात मुलगी आहे का. तिच्यात हे आलं असेल, नसेलही. आज कळायला मार्ग नाही. पण लग्न ठरवाल तेव्हा तिकडच्या माणसांना सांगा, म्हणाला.

चंद्राबाईच्या मनात मात्र थुंकी अडकून राहिली होती. अर्जुनाचं अंगावरचं दूध सुटलं तेव्हा ती भाकरी आपल्या तोंडात चावून, मऊ करून त्याला भरवायची. तिच्या आईनं तिला तसंच भरवलं होतं. गावातल्या नव्या आयांनाही तिनं हेच शिकवलं होतं. डॉक्टर घाईनं म्हणाला, तुम्ही भरवलं नसतं तरी कुठून ना कुठून तो झालाच असता. तिनं ते ऐकलं. पण ते काही तिच्या आत उतरलं नाही.

अर्जुना गेल्यावर घरी येऊन तिनं 'गाठीचा रोग' एवढंच सांगितलं. वर्ष सरायच्या आत रंगूबाई सुपारी घेऊन आली. चंद्राबाई चहा घेऊन बाहेर गेली, "वन्सं," म्हणाली आणि थांबली. रंगूबाई म्हणाली, बोल की. तेव्हा चंद्राबाईनं विचारलं, "साखर कमी न्हाई न्हवं?" सुपारी फुटली.

आता रंगूबाई हात धुऊन आत आली. नातवाला मांडीवर घेतलं. कनवटीची खारीक काढून तोंडात टाकली आणि चावायला लागली. त्यांच्या घरातली ही रीत. थोरल्या बाईनं चावलेल्या खारकेचं बोट बाळाला पहिल्यांदा चाटवायचं, म्हणजे तिचं आयुष्य त्याला लागतं. बोट तोंडातून निघालं आणि चंद्राबाईनं तिचं मनगट धरलं.

"वन्सं, नगा."

"का गं? माझं तोंड इटाळलंय?"

चंद्राबाईनं मग सगळं सांगितलं. उभ्यानंच, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. सिद्धूचं, भावांचं, डॉक्टरचं, भाकरीचं. रंगूबाईनं खारीक तळहातावर थुंकली आणि मूठ मिटली.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"अर्जुनाच्या वक्तापास्नं."

"म्हंजी सुपारीच्या आदी."

"व्हय."

"नाथाजीला?"

"कुणालाच न्हाई. पोर घरात ऱ्हायली आस्ती, वन्सं. कुणी केली नसती."

रंगूबाईनं मिटल्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी केली आस्ती का न्हाई, ते मला ठरवू द्याचं हुतंस."

बाजेवर कौसल्या जागीच होती. तिनं दोघींकडेही पाहिलं नाही. बाळ मागून घेतलं, छातीशी धरलं, आणि मग आपलं तोंड त्याच्यापासून दुसरीकडे वळवलं.

त्यानंतर बारा दिवस रंगूबाई बाळंतिणीच्या दारात बसून होती. येईल त्या बाईला सांगायची, लांबनं बघा, मुका घ्यायचा न्हाई. एकीनं टोमणा मारला, "सोन्याचं हाय का गं पोर? झिजंल व्हय?" रंगूबाई म्हणाली, आमच्यात नवस हाय. चंद्राबाईचं नाव तिनं निघू दिलं नाही. पण भाकरी स्वतः अंगणात तीन दगड मांडून भाजून खाल्ली. चंद्राबाईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

बाळंतीण सव्वा महिना माहेरी राहते. तेराव्या दिवशी मानसिंग आला आणि रंगूबाई म्हणाली, आमी निघतो. चंद्राबाईनं का म्हणून विचारलं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा बांधून दिला, कौसल्येच्या कानाला फडकं गुंडाळलं आणि लेकीची कपड्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन त्यांच्या मागून फाट्यापर्यंत चालत गेली.

एसटी आली. कौसल्या खिडकीशी बसली, शेजारी बाळाला घेऊन रंगूबाई, कडेला मानसिंग. चंद्राबाई टाचा उंचावून खिडकीशी उभी राहिली. तिला एकदाच चेहरा बघायचा होता. रंगूबाईनं पदर ओढला, पोराचं तोंड झाकलं आणि त्याला पलीकडे वळवून घेतलं. त्यात राग नव्हता. कंडक्टर जवळून गेला तेव्हाही तिनं असंच केलं होतं. चंद्राबाईनंच तसं सांगितलं होतं.

तिनं टाचा खाली टेकल्या.

"मानसिंगराव," ती जावयाला म्हणाली, "खिडकी लावून घ्या. धूळ येती."